भैरूची खेप

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारपासूनच 'खेळघर' कंपनीत कुणाचं कामात लक्ष नसायचं. कीबोर्ड उलटे करून झटकायचे, त्यातून वर्षभराचा चिवडा बाहेर काढायचा, ओल्या फडक्यानं पुसायचे आणि उद्याच्या पूजेसाठी मधल्या हॉलमध्ये नेऊन मांडायचे, असा तिथला रिवाज होता. मालक विद्याधर उत्तूरकर यांच्या वडिलांचं कोल्हापुरात लेथचं वर्कशॉप होतं. त्या वर्कशॉपच्या माळ्यावर दोन कॉम्प्युटर मांडून उत्तूरकरांनी धंदा सुरू केला. पुढं चकचकीत इमारत झाली, पाहुण्यांना बसायला मऊ कोच आले, पण वडिलांचा नियम काही त्यांनी सोडला नाही. खंडेनवमीला हत्याराची पूजा. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. लेथला नाही, तसाच कीबोर्डलाही नाही.

शर्वरी बोंद्रे मात्र आपला कीबोर्ड सोडायला तयार नव्हती. परवा दसऱ्याला कंपनीच्या 'पंचक्रोशी' या खेळाची नवी आवृत्ती निघायची होती, आणि जुन्या आवृत्तीतली लोकांची गावं नव्या आवृत्तीत सुखरूप नेऊन पोचवायचं काम तिच्या गळ्यात होतं.

'पंचक्रोशी' म्हणजे नदीकाठची पाच गावं. खेळणारा त्यांचा कारभारी. त्यानं विहिरी खणायच्या, बाजार भरवायचा, जत्रा करायची, भांडणं मिटवायची. गावातल्या प्रत्येक रहिवाशाला छोटंसं का होईना, मन होतं. ते कारभाऱ्याशी बोलून बोलून शिकायचं. त्यामुळं ज्याची जशी भाषा तशी त्याची पंचक्रोशी. शर्वरीचे सासरे हिंदुराव यांनी सगळी नोकरी एसटीच्या ड्रायव्हर सीटवर काढलेली, तर त्यांच्या पंचक्रोशीतला पुजारीसुद्धा आरती संपली की 'डबल बेल' म्हणायचा. घरोघरी लोक दहा-बारा वर्षं आपापली गावं सांभाळत होते, आणि आता ती सगळी गावं हलवायची होती.

वरवर पाहता हे बिऱ्हाड हलवण्यासारखं काम. पण जुन्या खेळात बिऱ्हाड साठवलेलंच नव्हतं. जागा वाचवायची म्हणून त्यात गाव साठवत नसत, साठवत ते फक्त कारभाऱ्यानं काय काय केलं ते: अमुक वेळी विहीर खणली, तमुक वेळी नावाड्याशी बोलला. जमीन, पाणी, वारा आणि रहिवाशांची मनं, सगळंच गणितावर चालणारं. तेच गणित त्याच कृतींवर पुन्हा चालवलं की हुबेहूब तेच गाव उभं राही. म्हणजे बरणीत लोणचं ठेवायचं नाही, लोणच्याची कृती तेवढी ठेवायची आणि लागेल तेव्हा घालायचं.

नव्या खेळात गणितच बदललं होतं. जुन्यात नदीचे गोठ्याएवढाले चौकोन पाडलेले होते आणि एका चौकोनातलं सगळं पाणी एकाच वेगानं वाहायचं. नव्यात चौकोन तळहाताएवढा. मनांचंही तसंच. जुन्या रहिवाशाला एखाद-दुसरी ठळक गोष्ट आठवायची. नव्याला अख्खं आयुष्य आठवणार होतं आणि त्याबद्दल तो बोलणारही होता. अशी आठवण बाहेरून चिकटवता येत नाही, ती जगूनच यावी लागते. म्हणून प्रत्येक गाव पहिल्या दिवसापासून नव्या गणितावर पुन्हा जगवायचं ठरलं. एखाद्याचा दहा वर्षांचा खेळ सर्व्हर दोन-तीन तासांत जगून काढी.

कृती तीच, पण चूल नवी. त्यामुळं गावं भलतीकडंच जायला लागली. जुन्या खेळात ज्यांची लग्नं झाली होती ती जोडपी नव्यात एकमेकांकडं बघेनात. जळालेल्या कडब्याच्या गंजी जळेनात. तापानं गेलेल्या म्हाताऱ्या उठून पेज मागू लागल्या.

उत्तूरकर म्हणाले, "लोकांना त्यांचंच गाव पाहिजे, दुसऱ्याचं नको. जसंच्या तसं दिलं पाहिजे."

मग 'टेकू' तयार झाला. गाव जुन्या वाटेवरून घसरलं की हा प्रोग्रॅम कमीत कमी जोर लावून त्याला परत वाटेवर आणायचा. कुणाला बाजारात अंमळ उशीर करवायचा, कुणाच्या पायाखालचा दगड हलवायचा. टेकूनं लग्नं लावली, पोरं जन्माला घातली, आणि जुन्या खेळात जे मेले होते त्यांना मारलं. प्रत्येक टेकूला शर्वरीची मंजुरी लागायची आणि ती गठ्ठ्यानं मंजुरी द्यायची. नावं वाचत बसलं तर काम उरकायचं कसं? एका दिवसात मंजुरी आली नाही तर टेकू आपोआप लागेल, असा नियमही तिनंच घालून ठेवला होता. सणासुदीला गावं खोळंबून राहायला नकोत म्हणून.

"आणि हे बाहेर बोलायचं नाही," उत्तूरकरांनी बजावलं होतं. "गेलेली माणसं नव्या खेळात जगतात म्हणून कळलं, तर उद्या आपल्या दारात रांग लागेल. प्रत्येकाला आपापलं माणूस परत पाहिजे असेल."

त्या संध्याकाळी पाच वाजता पडद्यावर जुन्या-नव्या गावांतली शेवटची तफावत आली. शर्वरी सवयीनं 'टेकू द्या'वर बोट ठेवणार, तेवढ्यात तिला कारभाऱ्याचं नाव दिसलं. हिंदुराव बोंद्रे.

तफावत एका ओळीची होती. 'भैरू नावाडी. जुन्यात मृत, नव्यात जिवंत.'

भैरूला शर्वरी चांगली ओळखत होती. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा सासूबाई, विजयमालाआत्या, अंथरुणाला खिळलेल्या होत्या. नवरा-बायको मिळून 'पंचक्रोशी' खेळायचे, म्हणजे आत्या पडल्या पडल्या हुकूम सोडायच्या आणि मामा, म्हणजे हिंदुराव, ते अमलात आणायचे. भैरू हा आत्यांचा लाडका. त्याचं नाव त्यांनी ठेवलेलं, हौसाशी त्याचं लग्न त्यांनीच जमवलेलं. एका जत्रेला नदीला पाणी वाढलं आणि वाजंत्री पलीकडच्या तीरावर अडकले. भैरू नको म्हणत होता. आत्याही म्हणाल्या, "नका पाठवू." पण मामांची जत्रा अडली होती. "एक खेप मार गड्या, काय होत नाही," ते म्हणाले. भैरू रिकामी नाव घेऊन निघाला आणि मधल्या धारेत नाव उलटली.

खेळातलाच माणूस तो, पण आत्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. नंतर त्या खेळल्याच नाहीत. "तुम्ही पाठवलंत त्याला," एवढंच म्हणाल्या, आणि पुढं वर्षभरानं गेल्या त्या हेच मनात धरून गेल्या. मामा तेव्हापासून एकटे खेळत होते. जत्रा त्यांनी पुन्हा कधी भरवली नाही. नाव हौसाच्या हाती दिली आणि रोज उठून आधी हौसाचं क्षेमकुशल विचारायचं, असा नेम धरला.

शर्वरीनं ती खेप उघडून पाहिली. जुन्या खेळात नाव का उलटली ते तिला लगेच दिसलं. गोठ्याएवढे दोन चौकोन नदीच्या मध्यावर शेजारी आले होते. एकातलं पाणी संथ, दुसऱ्यातलं बेफाम, आणि मध्ये नुसती रेघ. नाव त्या रेघेवर आली आणि पिळवटली गेली. खऱ्या पाण्याला असा सांधा नसतो. नव्या खेळात तीच नाव त्याच पुरात हेलकावे खात, तिरकी होत, पलीकडं लागली. मामांचं काही चुकलं नव्हतं. भैरूला जुन्या खेळाच्या ओबडधोबड पाण्यानं मारलं होतं.

निर्णयाची वाट पाहत असताना सर्व्हर गप्प बसत नसे. टेकू दिला नाही तर पुढं काय होईल, तेही तो चालवून दाखवी. शर्वरीनं पाहिलं. भैरू वाजंत्री घेऊन परत आला. रात्री हौसाला म्हणाला, "पाण्यानं आज हात धरला होता, पण सोडला बघ." पुढच्या वर्षी हौसाला दिवस गेले. मुलगी झाली. दारात पाळणा बांधायला घेतला, आयाबाया जमू लागल्या, आणि तिथं शर्वरीनं खिडकी बंद केली. पुढचं बघवेना.

दोन बटणं होती. 'टेकू द्या' आणि 'राहू द्या'. राहू द्यावं, तर मामांचं आजचं गाव राहणार नाही. एकटीनं नाव हाकणारी, मामांशी रोज चार शब्द बोलणारी हौसा राहणार नाही. मामा विचारतील, आणि मग सगळंच सांगावं लागेल. शिवाय घरच्या माणसासाठी नियम मोडला असंही होईल. टेकू द्यावा, तर स्वतःच्या बोटानं भैरूला बुडवायचं. तिला दोन्ही नको होतं.

"शर्वरी मॅडम, तेवढा एकच राहिलाय," कीबोर्ड गोळा करणारी कल्याणी म्हणाली.

शर्वरीनं कीबोर्ड काढून तिच्या हातात दिला. परवा बघू, असं ती मनाशी म्हणाली, आणि उद्या पाचला टेकू आपोआप लागणार, परवापर्यंत वेळच नाही हे तिला म्हणतानाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पूजा झाली. कीबोर्डांची रांग, प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. सर्व्हरच्या खोलीला आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण. उत्तूरकर सोवळं नेसून आरती म्हणत होते आणि त्यांचा सूर दरवर्षीप्रमाणं तिसऱ्या कडव्याला भरकटला. लोक हसू दाबत होते. शर्वरीचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं.

पाच वाजायला थोडा वेळ होता. तिचा कीबोर्ड तिच्यापासून चार पावलांवर होता. तो उचलायचा, तारेला जोडायचा आणि एक बटण दाबायचं. उत्तूरकर चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, एवढंच. किंवा त्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. ती उठलीही. तेवढ्यात उत्तूरकर ताट घेऊन समोर आले.

"काय शर्वरी, हात शिवशिवतायत वाटतं? आज नाही हां! आज हत्यारांना सुट्टी."

सगळे हसले. शर्वरीही हसली आणि तिनं पेढा घेतला. आणि तिला हायसं वाटलं, हे खरं. आता आपल्या हातात काही नाही, रिवाजच आहे तसा, असं म्हणायला एक जागा मिळाली. पेढा तोंडात असतानाच पाच वाजले. कुठं काही वाजलं नाही, कुणाला काही कळलं नाही.

दसऱ्याला दरवर्षी मामा पांढरे कपडे, फेटा असा थाट करून दसरा चौकात सोनं लुटायला जायचे. या वर्षी गेले नाहीत. शर्वरीचा नवरा रणजित एकटाच मुलाला घेऊन गेला. मामा सकाळपासून फेटा बांधून पडद्यासमोर बसले होते. नव्या खेळात हौसा मागचं सगळं आठवून सांगणार, याचं त्यांना कोण कौतुक.

"कारभारी, आज फेटा?" हौसानं कॅमेऱ्यातून बघून पहिल्याच वाक्याला विचारलं तेव्हा ते लहान पोरासारखे हरखले. शर्वरी स्वयंपाकघरात होती. तिथून तिला त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"शर्वरी," त्यांनी हाक मारली. "जरा इकडं ये बघू."

ती पदराला हात पुसत गेली. पडद्यावर हौसा घाटाच्या पायरीवर बसून दोर वळत होती.

"हिला मी भैरूचं विचारलं," मामा म्हणाले. "माझी काय छाती होत नव्हती, पण विचारलं. तर ही काय म्हणत्या, तूच ऐक. हौसा, सांग परत."

हौसानं दोर खाली ठेवला. "मी काठावरच होते न्हवं. वारं नव्हतं कारभारी. पाणी वाढलं होतं, पण नाव नीट चालली होती. मधली धार त्यानं काढली होती. मी म्हटलं, गेला पार. आणि मग कुणीतरी ढकलल्यागत नाव कलंडली. पाण्यानं न्हाई. पाणी असं ढकलत न्हाई. कुणीतरी हात लावल्यागत."

शर्वरीला उमगलं. त्या दिवशी वारा नव्हता म्हणून टेकूला वाऱ्यामागं लपता आलं नव्हतं. कमीत कमी जोर लावायचा, तर त्यानं सरळ नावेच्या कडेला धक्का दिला होता. आणि नव्या हौसाला तो आठवत होता.

"म्हंजे काय झालं असेल गं?" मामांनी विचारलं.

"जुन्या-नव्यात थोडाफार फरक पडतो मामा," ती म्हणाली. "मशीनच ते."

मामा तिच्याकडं बघत राहिले. "मशीन असू दे. मला एवढंच सांग, मी पाठवलं म्हणून तो मेला का न्हाई? विजयमाला मला तसं म्हणून गेली. मी रोज सकाळी तिच्या फोटोला हार घालतो न्हवं, तर मला तिच्या डोळ्यांकडं बघवत न्हाई. खेळच हाय म्हणून सोडून द्यावं म्हटलं तर सुटत न्हाई. तुझं शिक्षान त्यातलंच हाय. तू सांग."

अर्धं खरं सांगायला काय हरकत आहे, असं शर्वरीला वाटलं. अर्ध्यानं त्यांचं ओझं उतरत होतं. ती त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं त्यांना जुन्या पाण्याचं सगळं सांगितलं: गोठ्याएवढे चौकोन, संथ पाणी, बेफाम पाणी, मधली रेघ. टीपॉयवर दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून, त्यांवर काडेपेटी आडवी ठेवून, एक वही पुढं ओढून दाखवली. काडेपेटी फिरली आणि पडली.

"म्हणजे तुमची चूक नव्हती मामा. खऱ्या नदीत तो आरामात पलीकडं गेला असता. पाणीच खोटं होतं."

मामांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग उठून आतल्या खोलीत गेले. आत्यांच्या फोटोसमोर आपट्याची पानं होती, त्यातलं एक उचलून त्यांनी फोटोच्या चौकटीत खोवलं.

"ऐकलंस का?" ते म्हणाले. "पाणी खोटं होतं म्हणं. मी न्हवं." त्यांचा आवाज फाटला. "तुझ्या सुनेनं सांगितलंय. तिला कळतंय त्यातलं."

शर्वरी दारात उभी होती. त्यांना रडताना तिनं आत्या गेल्या तेव्हाही पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, झालं ते बरं झालं, आता इथंच थांबावं. आणि त्याच वेळी स्वतःची इतकी लाज वाटली की तिला त्यांच्या पाठीकडंही बघवेना.

मामा डोळे पुसत बाहेर आले, खुर्चीत बसले. काडेपेटी उचलून त्यांनी परत वह्यांवर ठेवली. एक वही पुढं ओढली. काडेपेटी पडली. पुन्हा ठेवली.

"पण शर्वरी," ते म्हणाले, "नवं पाणी चांगलं हाय म्हणतीस न्हवं?"

"हो."

"त्यात रेघ न्हाई."

"नाही."

"मग नव्या पाण्यात तो का बुडला?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. शर्वरी उठली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, राग नव्हता. खरोखरच कळत नाही म्हणून विचारत होते ते, आणि तिला कळतं म्हणून तिला विचारत होते.

मग तिनं सांगितलं. टेकूचं सांगितलं. भैरू जगला होता हे सांगितलं. दोन बटणांचं आणि एका दिवसाच्या नियमाचं सांगितलं, तो नियम आपणच केला हेही. बोलताना ती टीपॉयवरच्या काडेपेटीशीच बोलत होती.

"तू पाहिलं होतंस? जिवंत?"

"हो मामा."

"आणि वेळ होता?"

"होता. कीबोर्ड समोरच होता."

"मग हात का लावला न्हाईस?"

"खंडेनवमी होती," ती म्हणाली. "आमच्यात त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत."

मामा बोलले ते अगदी हळू, तिला बोल लावावा असंही नाही, आठवण सांगावी तसं.

"खंडेनवमीला आमच्या डेपोत पण पूजा असायची. गाडीला हार, बोनेटवर नारळ, स्टेअरिंगला कुंकू. मी सगळी नोकरी खंडेनवमीला गाडी चालवली. हार घालायचा आणि निघायचं. पुढच्या थांब्यावर माणसं थांबलेली असतात न्हवं."

शर्वरीला रडू फुटलं. मामांनी तिला रडू दिलं. उगी म्हणाले नाहीत, उठूनही गेले नाहीत.

"कृती जपलेली आहे," थोड्या वेळानं ती म्हणाली. "गाव परत पहिल्यापासून चालवता येईल. टेकू न देता. भैरू परत येईल. मी उद्याच करते, नोकरीचं काही का होईना."

"आणि ही?" त्यांनी पडद्याकडं बोट केलं. हौसा दोर वळत होती.

"ही... अशी राहणार नाही. तिकडं वेगळी असेल."

"म्हंजे आता हिला पुसायची." मामांनी मान हलवली. "मी एकाला पाठवलं, तू एकाला. बास झालं." मग ते म्हणाले, "बाकीच्यांचं काय? त्यांच्या गावांत पण ढकलल्यात ना माणसं?"

"हो. हजारोंनी. मी वाचलीसुद्धा नाहीत नावं."

"त्यांना सांगणार हायस?"

"सांगते. उद्या आधी उत्तूरकरसाहेबांना सांगते, मग सगळ्यांना. ते नको म्हणाले तरी."

"उद्याचं उद्या," मामा म्हणाले. "आज हिला सांग."

"कुणाला?"

"हौसाला. मला सांगून काय उपयोग? नवरा तिचा गेला." त्यांनी आपली खुर्ची सोडली आणि तिच्याकडं सरकवली. "बस. मी हितंच हाय."

शर्वरी खुर्चीत बसली. खेळातल्या माणसाशी आपण कधी बोललोच नाही, हे तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं तिनं ती माणसं नुसती मोजली होती, हलवली होती.

"हौसा," तिनं हाक मारली.

हौसानं वर पाहिलं. "कोण?"

"मी शर्वरी. कारभाऱ्यांची सून."

"बोला बाई."

शर्वरीनं सांगितलं. नदीचे चौकोन आणि टेकू हौसाला काय कळणार, म्हणून तिनं साधं केलं. तुला दिसलं ते खरं होतं, म्हणाली. कुणीतरी ढकललं होतं. तो पार झाला होता. त्याला ढकलणाऱ्याला मी थांबवू शकत होते, आणि मी बसून राहिले.

हौसाच्या हातातला दोर थांबला. नदीचं नवं पाणी पायरीला लागून पुढं जात होतं, बारीक, अगदी खऱ्यासारखं. बराच वेळ ती त्या पाण्याकडंच बघत होती.

"तुम्ही त्याला पार झालेला बघितला?"

"हो. वाजंत्री घेऊन परत आला. रात्री तुझ्याशी बोलला. पाण्यानं हात धरला होता पण सोडला, असं म्हणाला."

हौसाच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. "असंच बोलायचा त्यो." मग तिनं विचारलं, "पुढं काय झालं? तिकडं?"

शर्वरीनं मागं वळून पाहिलं. मामांनी नुसती मान हलवली.

"तुम्हाला मुलगी झाली," ती म्हणाली.

"मुलगी." हौसानं तो शब्द सावकाश उच्चारला. एकदा पदर सारखा केला, उगाचच. "नाव काय ठेवलं तिचं?"

शर्वरीच्या डोळ्यांपुढं ते दार आलं, बांधायला घेतलेला पाळणा, जमणाऱ्या बायका. अजून थोडा वेळ ती तिथं थांबली असती तर. काहीतरी नाव सांगून टाकावं, चांगलंसं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. ते तिनं गिळलं.

"मला माहीत नाही हौसा. पाळणा बांधत होते. मी बारशापर्यंत थांबलेच नाही."

हौसा तिच्याकडं बघत राहिली. ती रागावेल, ओरडेल, काहीतरी म्हणेल, म्हणून शर्वरी वाट बघत होती. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पलीकडच्या तीरावरून कुणाची तरी हाक आली. डोक्यावर ओझी घेतलेली दोन माणसं नावेसाठी हात करत होती. हौसा उठली. वळलेला दोर तिनं खांद्यावर टाकला, पायऱ्या उतरून नावेजवळ गेली आणि गाठ सोडू लागली.

"जाते बाई," ती म्हणाली. "माणसं थांबल्यात."